कप्पे, पिशव्या आणि इतर

साठवणीच्या यच्चयावत साधनांची दोनच कुळे आहेत, असे मला पुष्कळदा वाटते. एक पेटीचे आणि दुसरे पिशवीचे. पेटी आपला आकार आतील वस्तूंवर लादते. पिशवी आतील वस्तूंचा आकार स्वतः धारण करते. पेटी रिकामी असली तरी भरल्याइतकीच जागा अडवून बसते. पिशवी रिकामी झाली की तिची घडी करून ती काखेत मारता येते. उलटपक्षी, पेटीवर पेटी कोणीही रचावी. पिशवीवर पिशवी रचायची तर हमालाच्या हाताला कसब हवे, नाहीतर सगळी थप्पी लोळण घेते. पेटीच्या ठायी शिस्त आहे, पिशवीच्या ठायी माया आहे. दर तीन वर्षांनी ज्यांचा संसार मालमोटारीवर चढतो आणि नव्या गावी उतरतो, त्या बृहन्महाराष्ट्रातील बदलीवाल्या मंडळींना हे तत्त्वज्ञान कोणी शिकवावे लागत नाही. होल्डॉलच्या पट्ट्याचे शेवटचे भोक गाठताना ते त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

शिस्त आणि माया एकाच वस्तूत एकत्र आणणे मात्र सोपे नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने तो चमत्कार एका लहानशा वस्तूत साधला होता. तिचे नाव चंची. पानाचा कप्पा वेगळा, सुपारीचा वेगळा, काताचा वेगळा, तंबाखूचा तर सोवळ्यासारखा अगदी वेगळा. आणि तरीही सारे कापडाचे. लग्नसराईत पाने वाढली तर तो कप्पा फुगे, सुपारी संपली तर तिचा कप्पा चपटा होऊन शेजाऱ्याला जागा करून देई. शेवटी सगळ्याची गुंडाळी होऊन दोरीचे दोन वेढे बसले की चंची कनवटीला. वेगळेपण कायम ठेवून वाढता येणे आणि ओसरता येणे, हा तिचा गुण. हाच गुण मांडीवरच्या चंचीतून उचलून एखाद्या वखारीत आणायचा म्हटले की माणसाच्या बुद्धीची कसोटी लागते.

वखारीतील अडचण तशी साधी आहे. एकूण माल किती येईल याचा अंदाज बहुधा करता येतो. त्यात कशाचा वाटा किती असेल, याचा करता येत नाही. सुताराकडून शंभर सारखे खण करवून घ्यावेत, तर दहा खण ओसंडून जमिनीवर सांडतात आणि साठ खणांत कोळी जाळी विणतात. खण मोठे करावेत तर वखार पुरत नाही. लहान करावेत तर माल मावत नाही.

डाकखात्याने या अडचणीशी फार जुना संसार केला आहे. धावत्या आगगाडीत पत्रांची निवड करण्याचा उपक्रम आपल्याकडे १८६३ साली अलाहाबाद व कानपूर या दरम्यान सुरू झाला आणि त्यातून पुढे रेल्वे डाक सेवा उभी राहिली. त्या डब्यांतील व्यवस्था मोठी शहाणपणाची होती. भिंतीशी लाकडी खण आणि त्यांच्या जोडीला टांगलेल्या पिशव्या. खण ठरीव मापाचा, म्हणून पत्र टाकणाऱ्याचा हात अंधारातही चुकू नये. पिशवी ऐसपैस, म्हणून राखीपौर्णिमेच्या आठवड्यातही ती मावत नाही म्हणू नये. निर्णयासाठी पेटी आणि साठ्यासाठी पिशवी, अशी ही कामाची वाटणी होती.

पुढे पत्रे वाढली, गावे वाढली. एकाच नावाची गावे प्रांतोप्रांती, पत्ते नाना लिप्यांत. तेव्हा खणांची ही व्यवस्था लाकडातून उचलून आकड्यांत नेली ती एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील उच्च अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांची पिन कोडाची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. सहा आकडे: पहिला विभागाचा, पहिले दोन मिळून उपविभागाचे, पहिले तीन मिळून पत्रांची निवड करणाऱ्या जिल्ह्याचे, आणि उरलेले तीन बटवड्याच्या डाकघराचे. देशाचे आठ विभाग, आणि नववा सैन्याच्या डाकेसाठी. या योजनेतील मला सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे तिच्यातील मोकळी जागा. शेवटच्या तीन आकड्यांत प्रत्येक जिल्ह्याला उद्याच्या डाकघरांसाठी रिकामे आकडे शिल्लक राहतात. वस्ती वाढली, नवे डाकघर उघडले, तरी शेजाऱ्याचा आकडा हलवावा लागत नाही. चंचीचेच हे तत्त्व. फक्त कापडाच्या जागी अंकगणित आले.

हे सारे मला पुस्तकी वाटत असे. ते हातांना कळले ते कच्छमध्ये. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास तेथे भूकंप झाला आणि भुज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे मिनिटा-दोन मिनिटांत दगडविटांचे ढीग झाली. मी त्या वेळी नोकरीनिमित्त गुजरातेत होतो आणि काही आठवड्यांसाठी गांधीधामच्या बाजूला मदतसामग्रीच्या एका गोदामावर माझी नेमणूक झाली. देशाच्या चारी कोपऱ्यांतून माल येत होता. माणसांचे मन द्रवले की हाताला येईल ते देते आणि दिलेले एकाच गाठोड्यात बांधते. एका बोचक्यात लोकरीची शाल, तान्ह्याची दुधाची बाटली, औषधाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, लग्नातील जरीचा कोट आणि शेव-चिवड्याची पुडी. कच्छातील रात्री त्या दिवसांत बोचऱ्या थंडीच्या होत्या. लोकांना पांघरुणे आणि तंबू हवे होते. जुन्या कपड्यांचे मात्र रस्त्याच्या कडेला ढीग पडले होते आणि त्यांवरून गुरे जात होती. द्यायला कोणी कमी केले नव्हते. वस्तू होत्या, पण त्या कोठे आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते. आणि जी वस्तू सापडत नाही ती असून नसल्यासारखीच.

गोदामात लोखंडी मांडण्या होत्या, पण त्यांचे खण यंत्रांच्या सुट्या भागांसाठी केलेले, वीतभर उंचीचे. सुतार मिळत नव्हता. मिळाला असता तरी लोकांच्या डोक्यावर छप्पर नसताना लाकूड खणांसाठी मागण्याची लाज वाटली असती. होते ते बारदान, म्हणजे धान्याची रिकामी गोणपाटे. बांबू होते, सुतळी होती, आणि मांडवीहून आलेला ताडपत्र्या शिवणारा एक वृद्ध कारागीर होता. त्याचे वडील जहाजांची शिडे शिवीत. त्याला सगळे काका म्हणत. तो कच्छी बोले, मी मोडकी गुजराती. आमचे बोलणे मुख्यतः दाभणाच्या टोकाने चाले.

पहिल्या दिवशी आम्ही सरळच उपाय केला. बांबूच्या घोडीवर गोणपाटे टांगली, तोंडाला वेताचे कडे घातले आणि प्रत्येकावर खडूने नाव लिहिले. दुपारपर्यंत घोडी वाकली. कपड्यांची गोणी जमिनीवर टेकून आडवी पडली होती, डबाबंद अन्नाच्या गोणीचा तळ उसवला होता आणि औषधांच्या गोणीत काय आहे ते पाहायला माणसाला कमरेपर्यंत आत वाकावे लागत होते. पिशवी फुगते हे खरे, पण ती आपण किती फुगलो हे सांगत नाही. कापडाचा धर्मच असा आहे की त्याची ओढ गोलाकाराकडे असते. गोल झालेल्या पिशव्या शेजारी उभ्या केल्या की मधली जागा फुकट जाते आणि एकीचे पोट दुसरीला ढकलते. खते किंवा रसायने भरलेल्या टनभर वजनाच्या ज्या प्रचंड पिशव्या आज बंदरांवर दिसतात, त्यांपैकी काहींच्या आत चारी कोपऱ्यांना भोके असलेले कापडी पडदे शिवलेले असतात. ते भिंतींना आतून धरून ठेवतात, म्हणून पिशवी फुगली तरी चौकोनी राहते, आणि माल भोकांतून वाहून कोपरेही भरतो. आमच्याजवळ तसल्या पिशव्या नव्हत्या. काका होते.

काकांनी संध्याकाळी एक गोणी उसवली, तिला आणखी एक जोडली आणि त्या लांब पिशवीला आडव्या तीन चुण्या घातल्या. प्रत्येक चुणी नाड्यांनी बांधून टाकली. पिशवी टांगली तेव्हा ती जेमतेम दोन हात लांब दिसत होती. ती भरली की खालची नाडी सोडायची. चुणी उलगडे आणि पिशवी वीतभर लांब होई. पुन्हा भरली की दुसरी नाडी, मग तिसरी. चुणीच्या आत त्यांनी रंगीत चिंधीची पट्टी शिवली होती: पहिल्या चुणीत पिवळी, दुसरीत हिरवी, तिसरीत लाल. चुणी मिटलेली असताना पट्टी दिसत नसे. दारात उभे राहिले की चाळीस पिशव्यांपैकी कोणती पिवळ्यावर आहे आणि कोणती लाल झाली आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळे. लाल दिसली की पिशवी उतरवायची, तोंड शिवायचे आणि रवाना करायची. चौथी चुणी नव्हती. मी ती मागितली तेव्हा काकांनी नुसते पिशवीकडे आणि मग शेजारी उभ्या असलेल्या हमालाच्या पाठीकडे बोट दाखविले.

ते बोट मी विसरलेलो नाही. वाढत्या पात्राची मर्यादा कापड ठरवीत नाही, छप्पर ठरवीत नाही. ती उचलणाऱ्याची पाठ ठरवते. गव्हा-तांदळाचे पोते एके काळी क्विंटलाच्या घरात भरत असे. आज ते ५० किलोंचे असते. तागात अधिक मावत नाही म्हणून का ते लहान झाले? ते लहान झाले, कारण पोत्याखाली माणूस असतो हे हिशेबात धरले गेले. काकांनी कपड्यांच्या पिशवीला तीन चुण्या दिल्या, ब्लँकेटांच्या पिशवीला दोन आणि डबाबंद अन्नाच्या पिशवीला एकही नाही. फुगण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. तो ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे वाटलेला होता.

सारा घोटाळा मात्र एका पिशवीने केला होता, आणि ती या व्यवस्थेच्याही आधीपासून तेथे होती. तिच्यावर लिहिले होते ‘इतर’. मी तेथे पोचण्यापूर्वी, पहिल्याच आठवड्यात, कोणीतरी ताडपत्रीची एक मोठी झोळी कोपऱ्यात बांधून तिला हे नाव दिले होते. ती सर्वांना फार आवडे. वस्तू हातात घेऊन क्षणभर विचार पडला की ती झोळीत जाई. झोळी कधीच भरत नसे. भरल्यासारखी दिसली की दोरी सैल केली जाई. इतर पिशव्यांना माल मावण्यासाठी फुगावे लागे. ही झोळी मात्र निर्णय टाळण्यासाठी फुगत होती.

त्या काळात जवळच्या गावचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक गोदामावर येऊन गेले होते. घर पडले त्यात त्यांचा चष्मा गेला होता. पडलेल्या घराची नोंद, बँकेचे कागद, मदतीचे अर्ज, सगळे वाचायचे होते आणि त्यांना अक्षर दिसत नव्हते. चष्मे आले आहेत का, असे त्यांनी विचारले. नोंदवही पाहण्यात आली. तीत ‘चष्मा’ हा शब्द नव्हता, म्हणून नाही असे उत्तर मिळाले. नोंदवही खोटे बोलली नव्हती. आम्ही झोळी जमिनीवर उतरवून ओतली तेव्हा तिच्या तळाशी पुठ्ठ्याचे एक खोके निघाले. आत त्रेचाळीस चष्मे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात नंबर. कोठल्या तरी गावी, कोणी तरी, घरोघर फिरून, तपासून, पुसून ते गोळा केले होते. गुरुजींच्या गावी माणूस धाडला. ते आठवड्यापूर्वीच भावाकडे राजकोटला गेले होते आणि त्यांचा पत्ता कोणाजवळ नव्हता. चष्मे दुसऱ्यांच्या उपयोगी पडले. पण ज्याने विचारले होते त्याला ‘नाही’ हेच उत्तर मिळून राहिले.

त्या संध्याकाळी ताडपत्रीची झोळी काढून टाकली आणि तिच्या जागी चहाचे एक रिकामे खोके ठेवले: प्लायवूडचे, पत्र्याच्या कडांचे, यत्किंचितही न फुगणारे. त्यावर ‘इतर’ लिहिले आणि दोन नियम केले. एकाच जातीच्या तीन वस्तू खोक्यात जमल्या की त्यांना स्वतःची पिशवी द्यायची आणि नोंदवहीत स्वतःचे नाव द्यायचे. आणि खोके भरले की नवा माल घेणे थांबवून आधी ते रिकामे करायचे. दुसरा नियम हमालांना आवडला नाही, मालमोटारवाल्यांना तर मुळीच नाही. पण त्यानंतर कुबड्यांना पिशवी मिळाली, पाटीपेन्सिलींना मिळाली, दुधाच्या बाटल्यांना मिळाली. आणि कोणी काही मागायला आले की नोंदवहीचे उत्तर खरे ठरू लागले.

तेव्हापासून माझे असे मत बनले आहे की प्रत्येक कप्पा वाढता असावा, फक्त एक सोडून. ‘इतर’ हा कप्पा कडक असावा, लहान असावा आणि उठता-बसता पायांत येईल अशा जागी ठेवलेला असावा. जी व्यवस्था सर्व कप्पे लाकडाचे करते आणि एवढा एकच रबराचा ठेवते, ती वरून टापटिपीची दिसते. पण जे जे तिला ओळखता आले नाही ते सारे तिने तेथे गाडलेले असते.

हा प्रकार केवळ गोदामांत घडतो असे नाही. मेल्विल ड्यूईने १८७६ साली ग्रंथांचे दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात धर्माला दोनशेपासून पुढची शंभर घरे मिळाली. त्यांतील बहुतेक घरे ख्रिस्ती धर्माने व्यापली आणि जगातील बाकीच्या धर्मांसाठी दोनशे नव्वद हे घर उरले. हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम, पारशी, सगळे त्या एका घराच्या ओट्यावर दाटीवाटीने बसले. अमेरिकेतील एका ग्रंथपालाच्या दृष्टीने ती अडचण नव्हती. मद्रासच्या ग्रंथपालाच्या दृष्टीने ते सारे गोदामच ‘इतर’मध्ये होते. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला आणि त्यांना सुचले की खण आधीच करून ठेवायचे कशाला. तुकडे करून ठेवावेत आणि पुस्तक येईल तसा खण जोडावा. त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. काकांनी रंगनाथनांचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण पुस्तकाप्रमाणे खण जोडावा आणि मालाप्रमाणे चुणी सोडावी, या दोन कल्पना सख्ख्या बहिणी आहेत, याविषयी मला शंका नाही.

काकांची कच्छी भाषा आपल्या जनगणनेच्या तक्त्यांत सिंधीच्या पोटात मोजली जाते. दहा हजारांहून कमी लोक जी मातृभाषा सांगतात तिला तर त्या तक्त्यांत नावही मिळत नाही. तिची माणसे ‘इतर’ या एका शब्दात मावतात. तक्ते करणाऱ्यांचा यात दोष आहे असे मी म्हणत नाही. कोठे तरी रेघ मारावीच लागते. परप्रांतातील शाळेच्या अर्जात मातृभाषेच्या रकान्यात स्थानिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी छापलेली पाहून ज्याने आपल्या मुलासाठी चौथ्या चौकटीत खूण केली आहे, त्याला ती रेघ आतल्या बाजूने कशी दिसते हे मी सांगायला नको. आपण अधिकारी माणसे दिवसभर दुसऱ्यांना कप्प्यांत घालतो. वर्षातून एखादे वेळी स्वतः ‘इतर’ होणे हे त्या दृष्टीने आरोग्याला हितकारकच म्हटले पाहिजे.

आणि प्रत्येक बदलीवाल्याच्या घरी ती एक ट्रंक असतेच. तीवर पांढऱ्या रंगाने ‘किरकोळ’ असे लिहिलेले असते, ती मागच्या दोन बदल्यांत उघडलेली नसते, आणि तिच्यात काय आहे हे विचारले तर घरातील चार माणसे चार उत्तरे देतात.

आता गोदामे पालटली आहेत. पट्ट्यावरून खोकी धावतात, यंत्राचा डोळा त्यांवरील रेघा वाचतो आणि क्षणार्धात प्रत्येक खोके आपापल्या पन्हाळीतून नेमक्या पिशवीत घसरते. कोणत्या पिशवीत किती माल पडला याचा हिशेब यंत्र ठेवते. पिवळ्या, हिरव्या, लाल चिंध्या आता पडद्यावर उजळतात. पण त्या पट्ट्याच्या अखेरीस एक पन्हाळ निराळी असते. ज्या खोक्यावरचा पत्ता पुसला आहे, ज्याची चिठ्ठी फाटली आहे, जे यंत्राला ओळखता आले नाही, ते तेथे जाऊन पडते. इतकी बुद्धी खर्चूनही ती पन्हाळ कोणाला वगळता आलेली नाही. तिच्या तोंडाशी आजही एक माणूस उभा असतो. तो खोके हातात घेतो, उजेडाकडे धरून फिरवतो आणि पुसट अक्षरे लावू पाहतो. नवे गोदाम पाहायला गेलो की यंत्राचा वेग मी विचारीत नाही. ती शेवटची पन्हाळ दिवसातून किती वेळा रिकामी होते, एवढेच विचारतो.